हत्तीरोगाच्या तपासणीला रक्त रात्रीच का घेतात?

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा भागात आरोग्य खात्याची माणसं रात्री उशिरा दारात येतात, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेतात, आणि दरवेळी कुणीतरी विचारतंच की दिवसा काय झालं होतं, रात्री कशाला, रक्त विकतात की काय? अजिबात नाही. रोगाचा जंतूच दिवसा सापडत नाही.

हत्तीरोग होतो वुचेरेरिया बॅंक्रॉफ्टी या दोऱ्यासारख्या कृमीमुळे. नरमादी आपल्या लसिकावाहिन्यांत, म्हणजे शरीरातला लसिका नावाचा पातळ द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांत, 6 ते 8 वर्षं राहतात आणि मादी लाखो पिल्लं रक्तात सोडते, त्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. आता खरी कमाल बघा, ही पिल्लं दिवसभर फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री साधारण 10 ते 2 या वेळात कातडीजवळच्या रक्तात गर्दी करतात, कारण त्यांना पुढे नेणारा क्युलेक डास, तोच तो गटाराच्या पाण्यात वाढणारा, रात्रीच चावतो. त्याच माणसाचं रक्त दुपारी घेतलं तर रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो!

बरं, हे घड्याळ अंधार-उजेडापेक्षा आपल्या झोपेवर चालतं. पेशंटला दिवसा झोपवलं आणि रात्री जागं ठेवलं तर थोड्या दिवसांत पिल्लंही दिवसा बाहेर यायला लागतात. सामोआसारख्या पॅसिफिक बेटांवर दिवसा चावणारा एडिस डास हा रोग पसरवतो, तर तिथली पिल्लं दिवसाही रक्तात भरपूर सापडतात. केसाहून कितीतरी बारीक जीव आणि डासाच्या वेळेशी एवढा पक्का मेळ, मला तर दरवेळी वाचून थक्क व्हायला होतं.

डासाचा हात पहिल्यांदा ओळखला पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरने, 1877 साली चीनमधल्या अमॉयला. डासाच्या अंगात पिल्लाची संख्या वाढत नाही, ते फक्त मोठं होतं, त्याला 10-14 दिवस लागतात, मग डास चावताना ही वाढलेली अळी कातडीवर उतरते आणि चाव्याच्या भोकातून आत शिरते. म्हणून एकदोन चाव्यांनी हा रोग सहसा होत नाही, वर्षानुवर्षं डास चावावे लागतात. करणी, शाप, मागल्या जन्मीचं पाप यांचा काडीचा संबंध नाही, सुजलेल्या पायाला काळा दोरा बांधण्यापेक्षा तो रोज साबणाने धुवून कोरडा ठेवा.

हत्तीरोगाच्या गोळ्या खाल्ल्यावर ताप-चक्कर आली की लोक म्हणतात औषध बाधलं, पण बहुतेकदा ती रक्तात मरणाऱ्या पिल्लांची रिअॅक्शन असते. मोठे कृमी मात्र एका डोसात सगळे मरत नाहीत, म्हणून तर गोळ्या दरवर्षी घ्यायच्या.