दुग्धज्वर की किटोसिस? व्यालेली गाय खाईना झाली तर बाटली लावायच्या आधी हे बघा

गाय व्याली, वार पडली, दूध सुरू झालं आणि मग अचानक ती गव्हाणीला तोंडच लावंना. अशा वेळी आष्टीला जा नाहीतर उदगीरला, गोठ्यात जमलेल्या चार जणांत एकजण तरी म्हणतोच, "कॅल्शिअम कमी झालंय, बाटली लावा." कधी ते अगदी बरोबर निघतं. पण कधी ते चूक असतं आणि मग दोन-तीन बाटल्या जाऊनही गाय आहे तशीच, दूध रोज घटतच चाललेलं. कारण व्याल्यानंतर जनावराला सुस्त करणारे दोन वेगवेगळे आजार आहेत, दुग्धज्वर आणि किटोसिस. पहिल्यात रक्तातलं कॅल्शिअम कोसळतं, दुसऱ्यात रक्तातली साखर. दुग्धज्वरात उशीर म्हंजे तासांचा उशीर, रात्री बसलेली गाय सकाळपर्यंत हातची जाऊ शकते. किटोसिस सहसा लगेच मारत नाही, पण पूर्ण वेताचं दूध खाऊन टाकतो आणि गाय पुढं गाभण राहायलाही लई वेळ घेते.

म्हणून पहिला प्रश्न हाच, की व्याली कधी? दुग्धज्वर बहुतेक करून व्याल्यापासून दोन-तीन दिवसांत येतो, त्यातही पहिल्या २४ तासांत जास्त, क्वचित व्यायच्या थोडं आधीही. किटोसिस त्याच्या नंतर, जसजसं दूध वर चढत जातं तसा, पहिल्या दीड महिन्यात कधीही, पण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात जास्त. आणि कितवं वेत ते बघा. पहिलारू कालवडीला दुग्धज्वर सहसा होत नाही, तिसऱ्या वेतापासून पुढं धोका वाढतो. आपली देवणी, लाल कंधारी यांच्यात हे दोन्ही कमीच दिसतात, कारण त्यांचं दूध त्यांच्या अंगाला झेपेल इतकंच असतं. एचएफ, जर्सी संकरित गायी आणि भरपूर दूध देणाऱ्या मुऱ्हा म्हशी, हे खरं या आजारांचं गिऱ्हाईक.

आता दुग्धज्वरात आत काय होतं ते नीट समजून घ्या, कारण औषध आणि बचाव दोन्ही त्याच्यावरच आहे. गायीच्या रक्तात, म्हंजे रक्तद्रवात, कोणत्याही वेळेला सगळं मिळून जेमतेम ३ ग्रॅम कॅल्शिअम फिरत असतं. आणि १० लिटर चिकातून २३ ग्रॅमच्या आसपास कॅल्शिअम बाहेर जातं. म्हंजे रक्तात आहे त्याच्या सात-आठ पट माल एका दिवसात कासेत उतरतो! हे भरून काढायचं काम गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीचं. तिचा हार्मोन हाडातून कॅल्शिअम सोडवतो, मूत्रपिंडाला लघवीतून ते वाया घालवू देत नाही आणि तिथंच ड जीवनसत्त्व जागं करतो, मग आतडं चाऱ्यातून जास्त कॅल्शिअम ओढायला लागतं. पण ही यंत्रणा पूर्ण चालू व्हायला दोन-एक दिवस लागतात. हाडं म्हंजे भरलेलं पेव, माल भरपूर, पण पेव उघडेपर्यंत घरात पीठ नाही असा प्रकार. वय वाढलं की ते उघडायला अजून उशीर लागतो.

कॅल्शिअम नाही म्हंजे स्नायूला हुकूम पोचत नाही. आतड्याचा, रवंथाच्या पोटाचा, गर्भाशयाचा, हृदयाचा, सगळ्यांचाच जोर जातो. म्हणून या गायीला शेण नाही, लघवी नाही, पोट फुगतं आणि कधी वारही अडकते.

आमच्या वस्तीवरच्या एका आबांची गाय, चौथं वेत, संध्याकाळी व्याली आणि पहाटे उठंना. नाक कोरडं ठणठणीत, एरवी ज्याच्यावर दंवासारखे थेंब असतात ते. कान धरला तर गार, पायही गार. मान एका बाजूला वळवून कुशीवर टेकवलेली, आणि हाताने सरळ केली की सोडल्याबरोबर परत तिथंच. थर्मामीटर लावला तर ९९. गायीचं नेहमीचं अंग साधारण १०१.५ फॅरेनहाइट असतं, म्हंजे ताप नाहीच, उलट उतरलेलं. डॉक्टर उकिडवे बसले, एका हातात कॅल्शिअम बोरोग्लुकोनेटची बाटली, कानात स्टेथोस्कोप आणि त्याचं दुसरं टोक डाव्या कोपराच्या मागं हृदयावर. बाटली थेंब थेंब. आबा म्हणले, "साहेब, जरा जोरात सोडा की, उजाडायलंय." डॉक्टर म्हणले, "आबा, घाई केली तर हिचं हृदय थांबंल." बाटली अर्ध्यावर आली तशी गायीने ढेकर दिला, मग मांडीचं मांस थरथरलं, नाकावर पाणी सुटलं, शेण टाकलं आणि थोड्या वेळात ती आपली आपण उठली. बरोबर वेळेत मिळालेल्या कॅल्शिअमचा परिणाम असा डोळ्यादेखत दिसतो. काही गायी मात्र एक-दोन दिवसांत परत बसतात, तेव्हा उठली म्हणून लक्ष काढायचं नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. बसलेल्या, मान टाकलेल्या गायीला नळीनं तेल, काढा, गुळाचं पाणी काही म्हंजे काही पाजू नका. तिला गिळताच येत नसतं, ते सरळ फुप्फुसात जातं आणि कॅल्शिअमनं वाचली असती ती गाय न्यूमोनियानं जाते. आणि शिरेतून कॅल्शिअम घरच्या घरी कुणी सोडू नका, वर सांगितलंच कामून ते.

आता किटोसिस. ही गाय सहसा उभी असते, चालते, ताप नाही, कान गार नाहीत. फरक गव्हाणीत दिसतो. आधी खुराक सोडते, सरकी पेंड, भरडा, कांडी हुंगते आणि तोंड फिरवते, मग मूरघास नको म्हणते, पण कोरडा कडबा मात्र चघळत राहते. शेण घट्ट, गोळ्या गोळ्यांचं, वर बुळबुळीत थर. दूध दोन-तीन दिवसांत पार खाली. पोट आत जातं, पाठीवरची चरबी डोळ्यादेखत वितळते. तोंडाजवळ गेलं की गोडसर, नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा वास येतो, लघवीला आणि दुधालाही येतो. पण हा वास सगळ्यांच्या नाकाला कळत नाही, म्हणून घरातल्या दोघा-तिघांना हुंगायला लावा.

हे होतं कामून? गायीला आपल्यासारखी साखर आतड्यातून थेट मिळत नाही. पोटातले जिवाणू चारा आंबवतात, त्यातून जी आम्लं बनतात त्यातल्या प्रोपिओनिक आम्लापासून यकृत साखर तयार करतं. एक लिटर दुधाला साधारण ७२ ग्रॅम ग्लुकोज लागतं, २० लिटरची गाय म्हणलं तर जवळपास दीड किलो रोज! आणि व्याल्यावर दूध लवकर चढतं पण भूक मागं राहते. मग इन्सुलिन खाली येतं, ग्रोथ हार्मोन वर जातो आणि अंगावरची चरबी सुटून यकृतात यायला लागते. ती पूर्ण जाळायला साखरेच्या वाटेवरचाच माल लागतो, तो नसतो, मग अर्धवट जळालेल्या चरबीची किटोन द्रव्यं बनतात. त्यांच्यामुळं भूक अजून मरते आणि ते चक्र आपोआप थांबत नाही. एक लक्षण फसवं असतं. सुटलेली चरबी दुधातही उतरते, त्यामुळं लिटर घटत असताना फॅट एकदम वर गेलेली दिसू शकते. भूम-परांड्याकडं खव्याच्या भट्टीला दूध घालणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी, ताज्या व्यालेल्या गायीची फॅट अशी उडी मारत असंल तर लघवी तपासा.

तपासणी सोपी आहे. माणसाच्या मधुमेहासाठी मेडिकलमधे लघवीतले किटोन दाखवणाऱ्या पट्ट्या मिळतात, त्याच चालतात. डॉक्टरांकडं रोथेरा टेस्ट असते, किटोन असले की जांभळा रंग येतो. उपचारात शिरेतून डेक्स्ट्रोज, पण त्याचा जोर काही तासच टिकतो, म्हणून पुढं काही दिवस तोंडाने प्रोपिलीन ग्लायकॉल, म्हंजे यकृताला साखर बनवायला माल पुरवणारं पातळ औषध (ही गाय उभी असते, गिळू शकते, म्हणून पाजता येतं). गूळ चारून काम होईल असं लई जणांना वाटतं, पण गूळ रक्तात साखर म्हणून पोचतच नाही, जिवाणू तो आधीच आंबवून टाकतात, आणि जास्त झाला तर पोटात आम्ल वाढून नवीन दुखणं.

किटोसिसची एक वेगळी तऱ्हा आहे, डोक्यावर परिणाम होणारी. गाय भिंत चाटते, दावं चावते, गोल फिरते, लाळ गाळते, अंगावर येते. अशी गाय बघून लोक पिसाळली म्हणतात, आणि खरंच ते रेबीजही असू शकतं, म्हणून डॉक्टर येईपर्यंत लाळेला हात लावू नका, तोंडात हात घालू नका. इथं अंदाजानं चालायचं नाही.

गोंधळ खरा होतो तो दोन्ही एकापाठोपाठ आले की. दुग्धज्वरात गाय दोन दिवस खात नाही, कॅल्शिअमनं उठते, आणि आठ-दहा दिवसांनी त्याच उपासापायी किटोसिसमधे जाते. त्यात कॅल्शिअम परत परत देऊन उपयोग शून्य. आणि थर्मामीटरवर १०४ दिसलं तर हे दोन्ही सोडा, गर्भाशयाचा नाहीतर कासेचा संसर्ग बघा. व्यालेल्या म्हशीला लाल, कॉफीसारखी लघवी झाली तर ते फॉस्फरसचं प्रकरण असू शकतं, तेही वेगळं.

बचावातही दोन्हीचे रस्ते वेगळे. आठव्या-नवव्या महिन्यात ताकद म्हणून कॅल्शिअमचे कॅन पाजतात, ते उलट अंगावर येतं. बाहेरून आयतं मिळालं की पॅराथायरॉइड सुस्त पडते आणि व्यायच्या दिवशी पेव उघडायला कुणी नसतं. शेवटच्या तीन आठवड्यांत लसूणघासही कमी ठेवा, त्यातलं पोटॅशिअम हार्मोनचं काम अडवतं. व्याल्याबरोबर कॅल्शिअम जेल डॉक्टरांना विचारून द्या. वासराला चीक पोटभर पाजा, पण पहिले एक-दोन दिवस कास पूर्ण रिकामी करू नका. दुष्काळात महिनोन् महिने उसाच्या वाढ्यावर काढलेली जनावरं वेगळ्या अडचणीत असतात, वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शिअम धरून ठेवतं आणि हाडंच रिकामी होत जातात. किटोसिससाठी मात्र बघायचं ते अंगावरचं मांस. भाकड काळात लठ्ठ झालेली गाय व्याल्यावर कमी खाते आणि हमखास अडकते. व्याल्यावर खुराक रोज थोडा थोडा वाढवा, एकदम नाही.

आणि हा गायीचा हिशोब दुसऱ्या जनावराला लावू नका. उस्मानाबादी शेळी जुळी देते, तिला हाच साखरेचा आजार व्यायच्या आधी होतो, गाभणपणाच्या शेवटच्या महिना-दीड महिन्यात, कारण पोटातली दोन पिल्लं साखरही ओढतात आणि चाऱ्याला जागाही ठेवत नाहीत. गाभण शेळी कळपाच्या मागं पडायली, दात खायली, आंधळ्यासारखी उभी राहायली, तर व्यायची वाट बघू नका. घोडीला कॅल्शिअम कमी पडलं तर ती गायीसारखी लुळी पडत नाही, उलट ताठरते, घाम फुटतो, छाती-बरगड्या हृदयाच्या ठोक्यागणिक उडतात. दूध पाजणारी घोडी माळेगावच्या यात्रेला लांबून गाडीत आणली तर हे लक्षात असू द्या. कुत्रीला तर सरळ झटके येतात. आणि जाड गाढवीनं, त्यात गाभण असली तर जास्तच, खाणं सोडलं की तिच्या रक्तात चरबीचा पूर येतो, रक्तद्रव दुधासारखा पांढरा होतो, पण किटोन फारसे वाढत नाहीत, म्हणून तिथं लघवीची पट्टी चांगली आली तरी निर्धास्त राहू नका.

जनावरांच्या डॉक्टरांसाठीच्या १९६२ या सरकारी नंबरवर फोन लावताना किंवा डॉक्टरांना बोलावताना एवढं आधीच बघून ठेवा: व्यायला किती दिवस झाले, कितवं वेत, उभी आहे का बसलेली, कान गार का गरम, थर्मामीटर किती, खुराक सोडला का कडबाही सोडला, शेवटचं शेण कधी टाकलं. डॉक्टर गाडीत कोणती बाटली घेऊन निघतात ते याच्यावरच ठरतं.