सांगली–मिरज संस्थानांतील व्यापारसंबंध

पटवर्धन घराण्याच्या दोन शेजारी संस्थानांमधील आर्थिक देवघेव. मूळ जहागीर मिरजेची. चिंतामणराव आप्पासाहेब व त्यांचे चुलते गंगाधरराव यांच्यात बेबनाव होऊन ती दुभंगली. फाटाफुटीचे वर्ष सामान्यतः १८०१ धरतात. मात्र ते चिंतामणरावांनी सांगलीस बिऱ्हाड हलविल्याचे वर्ष मानणे अधिक सयुक्तिक, कारण महालांची (महसुली परगण्यांची) प्रत्यक्ष विभागणी त्यानंतरही काही काळ चालली असावी. १८२० मध्ये मिरजेचीही वाटणी झाली आणि धाकटी पाती पुढे बुधगावास नांदू लागली. सांगलीचे महाल तर मंगळवेढे, तेरदाळ, शिरहट्टी असे दूरवर विखुरलेले. बेळगावला खेटून असलेले शहापूर ही त्यांतील मोठी व्यापारी पेठ. साहजिकच मालाच्या गाड्यांना वाटेत परक्या हद्दी ओलांडाव्या लागत.

सांगलीच्या बाजारपेठेचे श्रेय बहुधा चिंतामणरावांच्या व्यापारी धोरणाला दिले जाते. ते रास्तच आहे, परंतु हळदीपुरते पाहता कृष्णा-वारणा संगमावरील हरिपूरच्या जमिनीचा वाटाही तितकाच मानावा लागतो. तेथे हळद पेवांत, म्हणजे जमिनीत खणलेल्या कोठारांत, साठवीत; माती घट्ट असल्याने ही पेवे ढासळत नाहीत. पेवाचे तोंड माणूस उतरेल एवढेच, पोट मात्र रुंद. तळाला व कडेने पाला-कडबा लावून हळद भरतात आणि तोंड मातीने लिंपतात. हवा बंद झाल्यामुळे कीड लागत नाही व माल वर्षानुवर्षे टिकतो; भाव चढेपर्यंत थांबण्याची सोय व्यापाऱ्याला त्यामुळेच लाभली. त्याच कारणाने उघडलेल्या पेवात लगेच उतरणे जिवावर बेतू शकते. ते काही तास उघडे ठेवावे लागते. २००५ च्या महापुरात अनेक पेवांत पाणी शिरले. त्यानंतर साठवण मुख्यतः गोदामांकडे व शीतगृहांकडे वळली.

रेल्वेने पारडे काहीसे मिरजेकडे झुकविले. पुणे–लोंढा मार्ग मिरजेवरून गेला आणि १८९१ मध्ये तेथून कोल्हापूरचा फाटाही निघाला. सांगलीला मिरजेशी जोडणारा लोहमार्ग १९०७ मध्ये आला. तोवर सांगलीचा माल गाडीवाटेने मिरज स्थानक गाठत असे.

१९४८ मध्ये दोन्ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. सांगली-मिरज परिसरातील त्यांचा मुलूख १९४९ मध्ये झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आला. १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. कुपवाडसह दोन्ही शहरांची एकच महानगरपालिका १९९८ पासून आहे. सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.