एकवीस पाळ्या, शून्य हिट : बेसबॉलमधील घाईच्या निकालांची पार्श्वभूमी

१९५२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या विजेतेपदाच्या मालिकेत, ब्रुकलिन डॉजर्सचा गिल हॉजेस न्यूयॉर्क यँकीजविरुद्ध सातही सामने खेळला, पण फलंदाजीच्या २१ पाळ्यांमध्ये त्याला एकही हिट (चेंडू टोलवून सुखरूप तळ गाठणारा फटका) मारता आला नाही आणि डॉजर्स मालिका ४-३ अशी हरले. पुढच्या मोसमाच्या आरंभीही त्याची बॅट मुकीच राहिली. तरीही ब्रुकलिनकरांनी त्याची हुर्यो उडवली नाही. उलट त्याच्या घरी धीर देणारी पत्रे आणि जपमाळा येऊ लागल्या. मे १९५३ मधील एका उकाड्याच्या रविवारी तिथल्या चर्चमध्ये फादर हर्बर्ट रेडमंड यांनी प्रवचनाला फाटा दिला आणि घरी जाऊन हॉजेससाठी प्रार्थना करा, असे भाविकांना सांगितले. हॉजेसने तो मोसम .३०२ ची सरासरी (म्हणजे दर हजार पाळ्यांमागे ३०२ हिट) आणि ३१ होम रन (बहुधा चेंडू थेट मैदानाच्या कुंपणापार धाडणारे फटके) यांसह संपवला. हे उदाहरण आजही सांगितले जाते, कारण असा संयम बेसबॉलमध्ये दुर्मीळ आहे.

खेळाडूबद्दल घाईने निकाल देण्याच्या या उतावळेपणाचे मूळ खेळाच्या रचनेतच आहे. मोसम १६२ सामन्यांचा, सामना जवळजवळ रोज आणि सरासरीचा आकडाही रोज बदलणारा. त्यामुळे एप्रिलमध्ये, जेव्हा पाळ्या मोजक्याच झालेल्या असतात, तेव्हा तो आकडा सर्वांत जास्त हेलकावतो आणि नेमका तेव्हाच सर्वांत जास्त बारकाईने वाचला जातो. खऱ्या अर्थाने .३०० च्या तोडीच्या फलंदाजाची प्रत्येक पाळी स्वतंत्र धरली, तरी २० पाळ्यांत तीन किंवा त्याहून कमी हिट मिळण्याची वेळ सुमारे नऊ प्रसंगांत एकदा येते. त्यात दुखापत नाही, तंत्रातला दोष नाही, मनाचा कमकुवतपणाही नाही. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण ती चुलीवर नुकत्याच चढवलेल्या पातेल्यातल्या शितावरून होत नाही.

फिलाडेल्फियात माइक श्मिटने १९७३ मध्ये, पहिल्या पूर्ण मोसमात, .१९६ ची सरासरी नोंदवली आणि पुढच्याच वर्षी ३६ होम रन मारून लीगमध्ये अव्वल ठरला. तरीही घरच्या प्रेक्षकांनी पुढे अनेक वर्षे त्याला बोल लावले. मग १ जुलै १९८७ रोजी न्यूयॉर्कमध्ये डब्ल्यूएफएएन हे केवळ खेळांना वाहिलेले चोवीस तासांचे रेडिओ केंद्र सुरू झाले आणि कालच्या सामन्यावरचा राग सकाळीच फोनवरून साऱ्या शहराला ऐकवण्याची सोय झाली. यँकीजना चार विजेतेपदे मिळवून देणाऱ्या संघातला डेरेक जीटर २००४ च्या एप्रिलमध्ये सलग ३२ पाळ्या हिटविना राहिला, तेव्हा त्याच्याच मैदानावर त्याची हुर्यो उडाली. २९ एप्रिलला सामन्याच्या सुरुवातीलाच होम रन मारून त्याने ही मालिका तोडली आणि मोसम .२९२ वर संपवला.

म्हणूनच ४ ऑगस्ट २०२३ ची रात्र महत्त्वाची वाटते. ३० कोटी डॉलरच्या करारावर फिलाडेल्फियात आलेला ट्रे टर्नर .२३५ वर रखडला होता. टीका टोकाला गेलेली असताना प्रेक्षकांनी ठरवून उभे राहून त्याचे टाळ्यांनी स्वागत केले. त्यानंतर त्याची बॅट तळपली आणि मोसमाअखेर त्याच्या नावावर २६ होम रन जमा झाले. टाळ्यांमुळेच हे घडले असे म्हणणे म्हणजे पुन्हा थोड्या पाळ्यांवरून मोठा निष्कर्ष काढणे होईल, कारण इतका चांगला फलंदाज कधी ना कधी आपल्या पातळीवर परततोच. टर्नरने मात्र शहरात फलक लावून चाहत्यांचे आभार मानले.