सांडपाण्यातलं प्लास्टिक निघतं खरं, पण जातं कुठे?

एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, तो बनवलाय मैला आणि घाण काढायला, प्लास्टिकचा विचार त्यात कुणी केलाच नव्हता. तरी तो मायक्रोप्लास्टिक, म्हणजे ५ मिलिमीटरपेक्षा बारीक तुकडे, भरपूर पकडतो. हलके कण वरच्या तेलकट तवंगाला चिकटून त्याच्याबरोबर काढले जातात, जड कण टाकीच्या तळाशी बसतात, आणि उरलेले पुढच्या टाकीत जिवाणूंच्या चिकट गोळ्यांमध्ये अडकून गाळाबरोबर खाली जातात.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोजवळच्या एका प्लांटमध्ये मोजणी झाली होती, २०१६ ला ती छापून आली. आत येणाऱ्या पाण्यात लिटरमागे साधारण १६ कण आणि बाहेर पडताना फक्त पाव, म्हणजे चार लिटरला एक! ९८ टक्के साफ. पण प्लांटमधून रोज २६ कोटी लिटर पाणी जातं, त्यामुळे त्या पाव पाव कणांचे मिळून रोज साडेसहा कोटी होतात आणि ते नदीत जातात. शिवाय मोजायची चाळणी ६५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्याहून बारीक काय गेलं ते त्यात धरलेलंच नाही. म्हणून नुसती टक्केवारी ऐकून खूश होऊ नका असं मला मनापासून वाटतं.

यावर उपाय आहे, मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पातळ पडदा. त्याची छिद्रं एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात, फिनलंडमधल्या चाचणीत त्याने ९९.९ टक्के कण अडवले, साध्या वाळूच्या फिल्टरने ९७. पण मेम्ब्रेन सारखं चोंदतं, साफ करत बसावं लागतं आणि वीजही जास्त खातं.

आणि खरी काळजी इथेच आहे, पकडलेलं प्लास्टिक नष्ट होत नाही हो, ते गाळात बसतं. हाच गाळ बऱ्याच देशांत खत म्हणून शेतात टाकतात, म्हणजे पाण्यातून काढलं आणि मातीत घातलं.

त्यापेक्षा उगमालाच अडवलेलं बरं. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या संशोधकांच्या हिशोबाने ६ किलो अ‍ॅक्रिलिक, म्हणजे प्लास्टिकच्याच धाग्याच्या, कपड्यांच्या एका धुण्यातून ७ लाखांवर धागे सुटू शकतात. फ्रान्सने २०२० च्या कायद्यात नव्या वॉशिंग मशीनला २०२५ पासून फिल्टर हवाच असं लिहिलं. फक्त त्या फिल्टरमधला लगदा सुक्या कचऱ्यात टाकायचा, नळाखाली धुतला तर धागे पुन्हा त्याच गटारात.