अंशाला सात टक्के

तापमान वाढलं की उन्हाळा कडक होणार, हे कुणालाही पटतं. पण त्याच कारणाने पूरही वाढतील आणि पावसातले खंडही लांबतील, असं म्हटलं की लोक विचारतात, 'दोन्ही एकदम कसं?' प्रश्न रास्त आहे. उत्तर पाण्याच्या वाफेत आहे.

२० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम बाष्प राहतं, ३० अंशाला ३० ग्रॅम. दर अंशाला साधारण सहा-सात टक्के वाढ. हवा स्पंजासारखी पाणी धरते, अशी उपमा यासाठी बरेचदा दिली जाते, ती चुकीची आहे. पाण्याच्या पृष्ठभागावरून रेणू सतत सुटत असतात आणि बाष्पातले रेणू सतत परत येत असतात. किती सुटतील ते तापमान ठरवतं. किती परततील ते हवेत आधीच किती बाष्प आहे त्यावर. दोन्ही आकडे जुळले की हवा संपृक्त झाली. आता, शेजारच्या रेणूंची पकड तोडायला भरपूर ऊर्जा लागते, आणि तेवढी ऊर्जा असलेले रेणू मोजकेच असतात. तापमान जरासं वाढलं की नेमके हे मोजके रेणू भराभर वाढतात. निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे उणे २७३ अंशांपासून मोजलेल्या तापमानाच्या हिशेबात एक अंश म्हणजे जेमतेम ०.३ टक्का, पण बाष्प वाढतं सात टक्के. हाच क्लॉशियस-क्लॅपेरॉनचा नियम, एकोणिसाव्या शतकातला.

पुढचा भाग स्वयंपाकघरातला. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका जास्त बसतो, कारण वाफ त्वचेवर पाणी होताना आपली सुप्त उष्णता सोडते. ढगातही तेच घडतं. एक किलो बाष्पाचं पाणी होताना सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता बाहेर पडते. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला लागते त्याच्या आठपट. या उष्णतेने ढगातली हवा हलकी होऊन वर उसळते, खाली कमी दाब होतो आणि आजूबाजूची ओली हवा आत ओढली जाते. हे ओढणं फार महत्त्वाचं आहे. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर जमिनीपासून आकाशापर्यंतचं सगळं बाष्प पिळून काढलं तरी ६०-६५ मिलिमीटरच पाणी निघेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडलं. म्हणजे डोक्यावरची हवा चौदा-पंधरा वेळा रिकामी व्हावी आणि अरबी समुद्रावरून पुन्हा भरावी, एवढं पाणी! दहा बाय दहा फुटांच्या गच्चीवर ते पावणेनऊ हजार लिटर होतं. त्या भरणाऱ्या हवेत सात टक्के जादा बाष्प असेल, तर जोरदार पाऊस तितका, कधी त्याहून जास्त वाढतो.

मग खंड का? ढगांत सुटलेली ही उष्णता शेवटी वातावरणाला अवकाशात सोडावी लागते, आणि ती सोडण्याचा वेग तापमानाबरोबर सावकाशच वाढतो. म्हणून जगाचा एकूण पाऊस दर अंशाला दोन-तीन टक्केच वाढू शकतो. जेवढं पडतं तेवढंच पाणी वाफ होऊन वर जातं, म्हणून हवेची टाकी सात टक्के मोठी झाली, तरी ती भरणाऱ्या नळाची धार दोन-तीन टक्केच वाढली. साहजिकच टाकी भरायला वेळ जास्त लागतो, आणि उपडी होते तेव्हा जास्त सांडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. याच सुमाराच्या काळात मोसमी पावसाची एकूण बेरीज मात्र सुमारे सहा टक्के घटली. या घटीत हवेतल्या धूलिकणांचाही हात आहे.

बाष्प स्वतःही उष्णता अडवतं, मग दोष कार्बन डायऑक्साइडला का? बाष्प आठ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येतं. कार्बन डायऑक्साइड थंडीने गोठून पडत नाही. त्याचा मोठा हिस्सा शतकानुशतके हवेत राहतो. तो तापमान चढवतो, बाष्प मागोमाग चढतं आणि तापमानात आणखी भर घालतं. उद्योगयुगाआधी दहा लाख रेणूंत तो २८० होता, १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ च्या आसपास, आज ४२० च्या पुढे.

तरीही प्रत्येक पुराची पावती कार्बनच्या नावाने फाडणं चूक आहे. त्या २६ जुलैला वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात ७३ मिलिमीटरच पाऊस होता, आणि मुंबईची गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, त्यात भरती. प्रत्येक मुसळधार सरीला 'ढगफुटी' म्हणणंही तसंच. हवामान खात्याच्या लेखी त्यासाठी २०-३० चौरस किलोमीटरवर तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडावा लागतो. आणि खंड पडला की वर्गणी काढून पर्जन्ययाग करणाऱ्यांना कळकळीने सांगायला हवं, की तुपाच्या धुराने समुद्रावरचं बाष्प इकडे वळत नाही. तोच पैसा शेततळ्याला लावावा.

कारण काळ्या भारी जमिनीत पहिल्या पावसाला पाणी भेगांतून खाली जातं, पण चिकणमाती फुगून भेगा मिटल्या की तासाला जेमतेम काही मिलिमीटर मुरतं. ८० मिलिमीटर पाऊस आठ दिवसांत पडला तर सोयाबीनच्या मुळांना मिळतो. तोच दोन तासांत पडला तर बहुतेक सगळा मातीसकट ओढ्याला जातो, आणि पुढचे तीन आठवडे आभाळ कोरडं राहिलं की त्याच शेतात फुलं गळतात.