डिस्क नवी, तरी आयपॉड रुसलेलाच

जुन्या आयपॉडची, म्हणजे अॅपलच्या गाणी ऐकायच्या यंत्राची, हार्ड डिस्क बदलायची, झाकण बसवायचं, मेनू आणि मधलं बटण एकत्र दाबून तो पुन्हा सुरू करायचा आणि पडद्यावर परत तोच बिघाड सांगणारा रडका चेहरा! मग सगळे नव्या डिस्कला दोष देऊन मोकळे होतात. पुष्कळदा हे वड्याचं तेल वांग्यावर काढणं असतं. खरा दोष बॅटरीत किंवा एका पातळ पट्टीत असतो.

इथे बोलतोय ते २००५ सालच्या व्हिडिओवाल्या, पाचव्या पिढीच्या आयपॉडबद्दल. त्यात १.८ इंचाची डिस्क असते. तबकडी मिनिटाला ४,२०० फेरे घेते आणि वाचणारं टोक तिच्यापासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. माणसाचा केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून ते अंतर किती ते बघा. चुंबकत्वातला इतका बारीक फरक त्या टोकाला कळतो तो ‘जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स’ या, म्हणजे चुंबकत्व जरा बदललं की विजेला होणारा रोध बराच बदलण्याच्या, परिणामामुळे. अल्बर्ट फेर्ट आणि पीटर ग्रुनबर्ग यांनी तो १९८८ मध्ये शोधला आणि २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलं. असं यंत्र खिशात घेऊन लोक एसटीने परभणी-नांदेड करत होते, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आता मुख्य मुद्दा. गाणं चालू असताना डिस्क सतत फिरत नसते. ३० जीबीच्या आयपॉडमध्ये ३२ एमबी मेमरी आहे. डिस्क क्षणभर फिरून पुढची काही गाणी त्या मेमरीत टाकते आणि थांबते. बॅटरी वाचते ती यामुळेच. पण थांबलेली तबकडी पुन्हा फिरवायला एकदम जास्त करंट लागतो. बॅटरी म्हातारी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो, आणि नेमक्या त्याच क्षणी व्होल्टेज कोसळतं. शेतातली मोटर कमी दाबावर नुसती गुणगुणते, उचलत नाही, तसंच हे. डिस्क फिरू लागते, आयपॉड बंद पडून पुन्हा सुरू होतो, परत डिस्क फिरू लागते. ऐकणाऱ्याला वाटतं, डिस्कच टकटक करतेय. म्हणून आधी भिंतीवरच्या चार्जरला दोनेक तास लावून ठेवा. चार्जरवर नीट चालला आणि काढल्यावर आचके देऊ लागला, तर बॅटरी बदला. आपल्याकडचा उन्हाळा बॅटरीला आणखी लवकर म्हातारी करतो. अॅपलने हा आयपॉड वापरायला ३५ अंशांपर्यंतची मर्यादा सांगितली आहे, आणि मे महिन्यात परभणीत पारा सहज चाळिशी ओलांडतो.

दुसरा संशयित ती केशरी-तपकिरी पट्टी. डिस्क आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या या पट्टीच्या टोकाला शेजारीशेजारी ४० संपर्कबिंदू, म्हणजे तारांची टोकं, असतात. जोडणीवरची बारीक काळी खिट्टी नखाने हलकेच उचलायची, पट्टी सरळ आत सरकवायची, मग खिट्टी दाबायची. पट्टी केसभर तिरकी गेली तरी एखादी तार सुटते. माहिती वाहणाऱ्या १६ तारांपैकी एकच सुटली, तरी डिस्क ‘दिसते’ पण वाचलेलं सगळं चुकीचं येतं. त्यामुळे रडका चेहरा दिसला की पहिलं काम, पट्टी काढून परत बसवणं. डिस्कची जाडीही बघा. ३० जीबीची ५ मिलिमीटर असते, ६० किंवा ८० जीबीची ८. जाड डिस्क पातळ झाकणाखाली दाबून बसवली, तर वरचा पत्रा तबकडीकडे वाकतो.

डिस्कवर खरोखरच संशय असेल, तर तिलाच विचारता येतं. आयपॉड पुन्हा सुरू करा, सफरचंद दिसताच मधलं बटण आणि मागे नेणारं बटण धरून ठेवा. तपासणीचा मेनू उघडतो. त्यात हार्ड ड्राइव्हखाली स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, आहे. ‘रीअलॉक्स’ म्हणजे खराब झाल्याने बदललेल्या जागा आणि ‘पेंडिंग सेक्टर्स’ म्हणजे संशयास्पद जागा. दोन्ही शून्य असाव्यात. शेकड्यांत आकडे असतील, तर ती डिस्क परत करा. ‘नवी’ म्हणून विकलेल्या डिस्कने किती तास काम केलंय, तेही तिथेच दिसतं.

आता अनेकजण डिस्कऐवजी अॅडॉप्टर लावून एसडी कार्ड बसवतात. फिरणारं काहीच नाही, करंट कमी, धक्क्याची भीती नाही. मी तोच सल्ला देईन. फक्त कार्ड आधी संगणकावर पूर्ण भरून तपासा. खोटं कार्ड २५६ जीबी सांगतं आणि खरी जागा संपली की गाणी गिळतं. काही मॉडेल १३७ जीबीच्या पुढची जागा ओळखतच नाहीत, कारण डिस्कवरची जागा शोधायला ती २८ बिटांचा पत्ता वापरतात आणि प्रत्येक पत्त्यावर ५१२ बाइटच मावतात.

जुनी डिस्क मात्र फेकू नका. कॅसेटवरून उतरवलेली कीर्तनं, आता कुठेच न मिळणाऱ्या मैफली कित्येकांकडे फक्त तिथेच उरल्या आहेत. डिस्क अजून फिरत असेल, तर यूएसबी जोडणीतून संगणकाला लावा आणि लपवलेल्या फाइली दिसतील अशी सोय करा. ‘आयपॉड कंट्रोल’ फोल्डरमधल्या ‘म्युझिक’मध्ये गाणी सापडतील. फाइलींची नावं चार अक्षरी, निरर्थक असतील. घाबरू नका, गाण्याचं आणि गायकाचं नाव फाइलच्या आत भरलेलं असेल, तर ते तसंच राहतं. डिस्क तापायच्या आत, सकाळच्या गारव्यात, आधी सगळ्यात मोलाचं तेवढं उतरवून घ्या.