हॅरिएट स्मिथसन: सिम्फनीच्या आधीची आणि नंतरची

फ्रेंच संगीतकार बर्लिओझची 'सिम्फनी फँटास्टिक' ही वाद्यवृंदाची रचना ऐकणाऱ्यांना एवढं माहीत असतं की त्यात जी धून सारखी फिरून फिरून येते ती म्हणजे एक आयरिश नटी, जिच्यासाठी तो वेडा झाला होता. पण ती बाई कोण, कुठली, हे कोणी सांगतच नाही आणि मला ते फार खटकतं.

हॅरिएटचा जन्म १८०० चा, आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एनिस गावातला. वडील नाटक कंपनीवाले, त्यामुळे पोरीला लहानपणी एका पाद्र्याकडे ठेवलेलं. तो वारला, मग शाळा, मग डब्लिनचं स्टेज आणि १८१८ ला लंडनचं ड्रुरी लेन थिएटर. तिथे ती नऊ वर्षं खपली पण पहिल्या रांगेत काही आली नाही, तिचे आयरिश उच्चार लंडनवाल्यांच्या कानाला खुपायचे.

मग सप्टेंबर १८२७. इंग्लिश नटांची कंपनी पॅरिसला गेली, ११ तारखेला ओदेऑन थिएटरात शेक्सपिअरचं 'हॅम्लेट', चार्ल्स केम्बल हॅम्लेट आणि ही ऑफेलिया, म्हणजे हॅम्लेटची प्रेयसी, जी बाप मेल्यावर वेडी होते. समोरच्या बहुतेकांना इंग्लिश येतच नव्हतं, त्यामुळे उच्चारांचा विषयच मिटला, उरले ते डोळे, हात आणि आवाजातला कंप. वेडाच्या प्रवेशात तिने काळी ओढणी जमिनीवर अंथरली आणि तेच बापाचं प्रेत समजून त्यावर फुलं वाहायला लागली. थिएटर अक्षरशः रडलं. तेव्हाच्या फ्रेंच शोकांतिकेत नट बहुतेक उभे राहून घोटीव पद्य म्हणायचे, असं वेड तिथे कोणी बघितलंच नव्हतं. नंतर पॅरिसच्या बायका केसांत गवताच्या काड्या खोवायला लागल्या, तिच्यासारख्या.

बर्लिओझ त्या रात्री प्रेक्षकांत होता, तेवीस वर्षांचा. त्याची पत्रं, तिचा नकार, मग १८३० ची ती सिम्फनी, हे सगळ्यांना पाठ आहे. शेवटी लग्न झालं ३ ऑक्टोबर १८३३ ला पॅरिसच्या ब्रिटिश वकिलातीत, एक साक्षीदार होता संगीतकार फ्रान्झ लिस्ट. पण त्याच वर्षी गाडीतून उतरताना तिचा पाय मोडला होता, डोक्यावर कर्ज होतं, इंग्लिश नाटकांची लाट ओसरलेली आणि फ्रेंचमध्ये काम करण्याइतकी भाषा तिला कधी आलीच नाही. जिला भाषेशिवाय पॅरिसने डोक्यावर घेतलं तिला भाषेपायीच घरी बसावं लागलं, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. मुलगा झाला, मग भांडणं, दारू, नवऱ्यापासून वेगळं राहणं, अर्धांगवायू. ३ मार्च १८५४ ला पॅरिसला लागून असलेल्या मोंमार्त्रमध्ये ती वारली.

दहा वर्षांनी तिला पुरलेली ती छोटी दफनभूमी मोडायची ठरली, तेव्हा अवशेष हलवताना बर्लिओझ तिथे उभा होता. त्याने आठवणींत लिहून ठेवलंय, पेटीचं झाकण कुजलेलं होतं, कबर खणणाऱ्याने खाली वाकून कवटी दोन्ही हातांत उचलली आणि नव्या पेटीत ठेवली.